चाकूंवरील मॉडेल क्रमांकांचा उलगडा

घडीच्या चाकूच्या पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, अनेकदा बारीक आकड्यांत एक क्रमांक कोरलेला असतो. एका क्रमांकाचा एकच चाकू असणार, असा ग्राहकाचा स्वाभाविक समज असतो. प्रत्यक्षात भिन्न बनावटीच्या दोन चाकूंवर तोच क्रमांक आढळतो, तर एकाच चाकूचा क्रमांक पात्यावर एक आणि वेष्टनावर दुसराच असतो. जुने चाकू विकत घेणाऱ्यांना हा घोळ महागात पडू शकतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफर्ड येथे असलेल्या ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ या कंपनीचे आहे. या कंपनीचा क्रमांक हा वास्तविक एक संक्षिप्त वर्णनच होय. ६२५४ हा क्रमांक घ्या. पहिला अंक मुठीचा पदार्थ सांगतो; ६ म्हणजे हाड. दुसरा अंक पात्यांची संख्या, म्हणजे दोन. उरलेले ५४ हे आकाराचे चिन्ह असून त्या आकाराला ‘ट्रॅपर’ म्हणतात. हाच चाकू पिवळ्या कृत्रिम मुठीचा असेल तर ३२५४ आणि सांबरशिंगाच्या मुठीचा असेल तर ५२५४ होतो. (पाश्चात्त्य चाकू उद्योगाला हे शिंग दीर्घकाळ भारतातूनच मिळत असे; १९९८ मध्ये भारताने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली.) क्रमांकापुढील ‘एसएस’ ही अक्षरे गंजरोधक पोलाद दर्शवितात, तर ‘सीव्ही’ म्हणजे क्रोम व्हॅनेडियम पोलाद.

येथवर सारे सुबोध आहे. अडचण सुरू होते ती ६ या अंकापासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुठीसाठी हाड मिळेनासे झाले, तेव्हा कंपनीने खडबडीत काळा कृत्रिम पदार्थ वापरला. पण आरंभीचा अंक ६ हाच ठेवला. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डेल्रिन’ हे प्लास्टिक आले, त्यावरही ६ च राहिला. परिणामी ६ या अंकाखाली जुने हिरवट हाड, तांबूस हाड, काळा कृत्रिम पदार्थ आणि प्लास्टिक अशी सरमिसळ झाली. जुन्या हिरव्या हाडाच्या मुठीला संग्राहक प्लास्टिकच्या मुठीपेक्षा कितीतरी अधिक मोल देतात. तेथे क्रमांक काहीच मदत करीत नाही. मूठच पारखावी लागते. उलट, ५ अंकाच्या चाकूला हाडाची मूठ दिसली, तर ती मागाहून बदललेली असण्याचा संशय घ्यावा.

शून्याचेही असेच. जुन्या आकारात थोडा फेरफार केला की कंपनी शून्य जोडत असे. मात्र त्याची जागा ठरलेली नव्हती. ०६२४७ मध्ये तो आरंभी आहे, तर ६३०४७ मध्ये मधोमध. ‘मस्क्रॅट’ या चाकूवर तर जुन्या काळी अंकांऐवजी केवळ नाव कोरलेले असे.

मॉडेल क्रमांकावरून चाकूचे वय मात्र कळत नाही. त्यासाठी कंपनीच्या नाममुद्रेकडे पाहावे लागते. १९६५ ते १९६९ या काळात ‘केस एक्सएक्स’ या मुद्रेखाली ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे होती. १९७० मध्ये त्याखाली दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक ठिपका कमी होत गेला. सात ठिपके म्हणजे १९७३. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपक्यांपासून आरंभ झाला, पण या वेळी केस या नावातील ‘एस’ हे इंग्रजी अक्षर विजेच्या रेषेसारखे वाकडे केले गेले. हा फरक ध्यानी न घेणारा ग्राहक चाकूचे वय सरळ दहा वर्षांनी चुकवितो.

याखेरीज विक्रीसाठीचा क्रमांक निराळाच असतो. पिवळ्या मुठीच्या ट्रॅपरच्या पात्यावर ३२५४ आणि वेष्टनावर ००१६१ असे दिसल्यास फसवणूक झाली असे समजू नये. पहिला क्रमांक कारखान्याचा आहे, दुसरा कोठाराचा.

भारतीय वाचकांना अधिक परिचित असलेल्या स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स चाकूंची रीत याहून वेगळी आहे. तेथे पात्याच्या बुडाशी कंपनीचे व देशाचे नाव असते, मॉडेल क्रमांक सहसा नसतोच. तो यादीत व वेष्टनावर सापडतो. ‘स्विसचॅम्प’ हा लाल चाकू कंपनीच्या यादीत १.६७९५ आहे आणि काळ्या मुठीचा तोच चाकू १.६७९५.३. शेवटचा अंश रंगाचा, क्वचित वेष्टनाच्या प्रकाराचाही असतो. अमेरिकेतील विक्रेते मात्र याच चाकूची ५३५०१ अशी नोंद करीत आले. वेष्टन हरवलेला जुना व्हिक्टोरिनॉक्स हाती आला, तर त्यातील अवजारे एकेक उघडून मोजणे आणि यादीशी ताडून पाहणे, हाच त्याचा क्रमांक शोधण्याचा मार्ग आहे.