इंग्रजीच्या पुस्तकात आपले कोण, परके कोण?

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर हिंगोली, नांदेड आणि यवतमाळकडील रस्ते एकत्र येतात. राज्यातील इतर मराठी शाळांप्रमाणे या परिसरातील शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्या पुस्तकात साहित्य इंग्लंडचे असावे की भारताचे, हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

१८३५ साली मेकॉलेने, आपणांस संस्कृत-अरबी येत नाही अशी कबुली देऊनही, युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीपुढे भारत-अरबस्थानचे सारे वाङ्मय तुच्छ ठरविले. इंग्रजी साहित्याचे शिक्षण या अवहेलनेसह रुजले. त्याविषयीचा रोष अनाठायी नव्हता.

परंतु आम्हां मराठी ख्रिस्ती जनांना दुसराही एक इंग्रज ठाऊक आहे. १५७९ साली गोव्यास आलेल्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीस दिले. त्यांना परके कोण म्हणेल? उलट, मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्रायली समाजातील निस्सीम इझिकेल यांची विंचवाच्या रात्रीवरील इंग्रजी कविता काही वर्षे इंग्लंडच्या शालेय परीक्षेसाठी नेमलेली होती.

तेव्हा लेखकाच्या जन्मभूमीवरून धडे निवडणे आम्हांस पटत नाही. धडा मुलाला स्वतःच्या अंगणाची लाज शिकवितो, की शेजाऱ्याच्या अंगणाची ओळख करून देतो, हे पाहावे. इझिकेलांच्या कवितेत पाऊस, कंदील आणि धावून आलेले शेजारी ओळखणारे मूल डिकन्सच्या पोरक्या ऑलिव्हरचे दुःखही जाणेल. पालकांनी आपल्या पाल्याचे पुस्तक या दृष्टीने एकदा चाळावे, ही विनंती.