संकरित मोटारीचें वार्धक्य

यंत्राच्या जन्माचा इतिहास उत्साहानें लिहिला जातो. त्याच्या म्हातारपणाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः यंत्राची खरी परीक्षा म्हातारपणींच होते. पेट्रोल आणि वीज अशा दोन शक्तींवर चालणाऱ्या संकरित मोटारीची कथा या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

दोन शक्ती एकाच गाडीला जुंपण्याची कल्पना जुनी आहे. फर्डिनंड पोर्श या तरुण एंजिनिअरनें १९०० सालीं व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यांत अशी गाडी तयार केली. तिच्यांत पेट्रोलचें एंजिन वीज उत्पन्न करी व चाकांत बसविलेलीं विजेचीं यंत्रें गाडी ओढीत. परंतु गाडी फार जड झाली. पुढें पेट्रोलचीं एंजिनें सुधारत गेलीं आणि ही कल्पना जवळजवळ शतकभर अडगळींत पडली. तिला व्यापारी यश दिलें तें टोयोटा कंपनीनें. १९९३ सालीं तिनें नव्या शतकासाठीं मोटार आखण्याचें काम हातीं घेतलें. त्याचें नेतृत्व पुढें ताकेशी उचियामादा यांजकडे आलें, आणि डिसेंबर १९९७ मध्यें 'प्रिअस' जपानच्या बाजारांत उतरली.

गिऱ्हाइकांच्या मनांत एकच धास्ती होती, ती बॅटरीची. २००३ सालीं निघालेल्या दुसऱ्या नमुन्याची बॅटरी सहा सहा घटांच्या २८ डब्या एकापुढें एक जोडून केलेली होती. म्हणजे १६८ घट व सुमारें २०० व्होल्टचा दाब. इतके घट किती वर्षें टिकणार? रचनाकारांनीं यावर मिताहाराचा उपाय योजिला होता. गाडींतील गणकयंत्र बॅटरीला कधीं पूर्ण भरूं देत नाहीं कीं पूर्ण रिती होऊं देत नाहीं. साधारणतः शेंकडा ४० ते ८० या मर्यादेंतच तिला राबविलें जातें. या संयमाचें फळ २०११ सालीं दिसून आलें. अमेरिकेंतील 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या मासिकानें दोन लाख मैलांहून अधिक धांवलेली २००२ ची प्रिअस तपासली. दहा वर्षांपूर्वीं त्याच परीक्षेंत नवी गाडी एका गॅलनला ४०.६ मैल चालली होती. ही वृद्ध गाडी ४०.४ मैल चालली.

मात्र दीर्घायुष्य म्हणजे अमरत्व नव्हे. बॅटरीचा मोठा वैरी म्हणजे उष्णता. तिला थंड ठेवणारा पंखा मागच्या आसनाशेजारच्या जाळींतून हवा ओढून घेतो. त्या जाळीवर सामान ठेवलें, किंवा धूळ व कुत्र्याचे केस तिच्यांत सांचले, कीं पंखा गुदमरतो आणि बॅटरी तापूं लागते. पंखा साफ करणें हें थोड्या वेळाचें काम. तें टाळल्याचा दंड मात्र संपूर्ण बॅटरीच्या किंमतीइतका. शिवाय डब्या एका माळेंत असल्यामुळें एक दुबळी झाली तरी सगळी माळ निकामी ठरते. म्हणून कारागीर प्रत्येक डबीचा दाब मोजून नेमकी दुबळी डबी बदलूं लागले. तांब्याच्या जोडपट्ट्यांवरील गंज काढूं लागले. पण एक डबी बदलली तरी तिच्या समवयस्क डब्या म्हाताऱ्याच राहतात. त्यामुळें हें ठिगळ पुष्कळदां थोड्याच दिवसांचें ठरतें. हा दाब प्राणघातक असल्यानें तें काम जाणत्याच्याच हातचें.

बॅटरीच्या काळजींत इतर अवयवांचा विसर पडतो, हाहि एक धोका आहे. वीज-परिवर्तक थंड ठेवणारा लहानसा पाण्याचा पंप बंद पडला तर उभी गाडी अडते. याच पंपासाठीं टोयोटा कंपनीनें २०१२ सालीं दुसऱ्या नमुन्याच्या गाड्या दुरुस्तीस परत बोलाविल्या होत्या. ब्रेकची गोष्ट याहून चमत्कारिक. वेग कमी करण्याचें बरेंचसें काम विजेचें यंत्रच करीत असल्यामुळें ब्रेक झिजत नाहींत. पण वापराअभावीं ते गंजून अडकतात. तेव्हां त्यांची तपासणी झिजेसाठीं नव्हे, गंजासाठीं करावी लागते.

जपानांत जुन्या झालेल्या प्रिअस गाड्या मोठ्या संख्येनें मंगोलियांत गेल्या. राजधानी उलानबातर येथें हिवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस अंशांच्याहि खालीं उतरतो. अशा थंडींत साधी मोटार सुरू करतांना नाकीं नऊ येतात. या गाडीचें एंजिन तिच्या मोठ्या विद्युत्‌यंत्रानें फिरविलें जात असल्यानें तें सहज सुरू होतें. एका देशानें टाकलेल्या वाहनानें दुसऱ्या देशांतील कुटुंबांचा संसार वाहिला. त्याबरोबरच, निकामी झालेल्या बॅटऱ्यांचें काय करावयाचें, हा प्रश्नहि त्यांच्याच पदरीं आला.

जुन्या गाडीच्या मालकापुढें एक दिवस असा येतो कीं, नव्या बॅटरीची किंमत गाडीच्या बाजारभावाला जाऊन भिडते. हिशेब पाहणारा तेव्हां गाडी मोडींत काढतो. परंतु एंजिन, सांगाडा व इतर अवयव धडधाकट असतां एका दुबळ्या डबीपायीं सर्वांचाच अंत करणें हा हिशेब अपुरा आहे. तो दिवस लौकर येईल कीं उशिरां, हें कारखान्यांतील बुद्धिमत्तेइतकेंच मागच्या आसनाशेजारची जाळी कोणी वेळेवर पुसली कीं नाहीं, यावर अवलंबून असतें.