रुग्णालयातील मृत्यू आणि जोखमीची मोजदाद : करोना साथीच्या नोंदींचा एक विचार

साथीच्या रोगाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दोन प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. किती माणसे मेली हा पहिला प्रश्न. कोणती माणसे मेली आणि का, हा दुसरा. करोना साथीच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयांच्या दप्तरांत तयारच आहे, असा समज सहज होतो. तो कितपत खरा आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या संशोधनाचा आरंभ वूहान येथील दोन रुग्णालयांपासून धरावा लागतो. ३१ जानेवारी २०२० पूर्वी तेथे ८१३ प्रौढ रुग्ण दाखल झाले होते. ज्यांचा निकाल लागला नव्हता, ज्यांच्या रोगाची खात्री पटली नव्हती किंवा ज्यांच्या नोंदी अपुऱ्या होत्या, अशांना वगळून १९१ जणांचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी १३७ घरी परतले, ५४ दगावले. वाढते वय, दाखल होतेवेळी अवयवांच्या कार्यात झालेला बिघाड आणि रक्तातील डी-डायमर या द्रव्याचे दर मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून अधिक प्रमाण, हे तीन घटक मृत्यूशी निगडित आढळले. हा निबंध 'लॅन्सेट'ने ९ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केला. त्याच दिवशी पुण्यात महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांचे निदान झाले.

१९१ पैकी ५४ म्हणजे शेकडा २८. हा आकडा रोगाची मारकता म्हणून उद्धृत करणे चुकीचे ठरेल, कारण त्या दिवशी खाटेवर असलेले बहुसंख्य रुग्ण हिशेबातच नव्हते. ब्रिटनमधील २०८ रुग्णालयांच्या पुढील अभ्यासात २०,१३३ रुग्णांपैकी शेकडा २६ दगावल्याची नोंद आहे. परंतु शेकडा ३४ जणांवर तेव्हा अद्याप उपचार चालू होते. आकड्याबरोबर त्याची तारीख आणि त्याचा छेद पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

याच ब्रिटिश नोंदींतून पुढे मृत्यूचा अंदाज बांधणारी आठ घटकांची गुणपद्धती तयार झाली. वय, लिंग आणि जुन्या विकारांची संख्या हे तीन घटक रुग्ण आपल्याबरोबर आणतो. श्वसनाचा वेग, रक्तातील प्राणवायू, शुद्धीची अवस्था, युरिया आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे उरलेले पाच घटक, तो दारात आला तेव्हा रोग कोठवर पोहोचला होता, एवढेच सांगतात. वैद्याच्या दृष्टीने हे पुरेसे आहे. त्याला पुढचे पाऊल टाकावयाचे असते. इतिहासकाराला मात्र मागे जावे लागते. खाट मिळाली नाही म्हणून, रोजगार बुडेल म्हणून वा वाहन मिळाले नाही म्हणून एखादा उशिरा आला, तर कागदावर प्राणवायूचा उतरलेला आकडा येतो, उशिराचे कारण येत नाही. सामाजिक कारण अशा रीतीने शारीरिक लक्षणाचा वेष घेऊन नोंदीत शिरते.

येथे मुंबईच्या १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाचे स्मरण उपयुक्त ठरेल. दोन्ही रोगांचे विषाणू भिन्न आहेत. तुलना रोगांची नसून नोंदींची आहे. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची माणसे विशेष बळी पडली, तर २०२० मध्ये वृद्ध. यावरून वय हासुद्धा सर्वकाळ एकाच दिशेने काम करणारा घटक नव्हे, हे स्पष्ट होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुंबईचे आकडे दाखल रुग्णांवर नव्हे, तर शहराच्या लोकसंख्येवर बसविलेले होते. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९.०, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि त्या काळी 'खालच्या जातीचे' म्हणून नोंदलेल्या हिंदूंत ६१.६ होते. जंतूला जात कळत नाही. दाटीची वस्ती, अपुरे अन्न आणि शुश्रूषेचा अभाव यांनी ही दरी पाडली, असेच म्हणावे लागते. रुग्णालयाच्या दप्तरात ही दरी दिसली नसती, कारण तेथवर न पोहोचलेला माणूस तेथे मोजला जात नाही.

हाच धडा २०२० मध्ये पुन्हा मिळाला. इंग्लंडमध्ये सुमारे १ कोटी ७३ लक्ष प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वंचित वस्त्यांतील, तसेच कृष्णवर्णीय व दक्षिण आशियाई लोकांत मृत्यूची जोखीम अधिक आढळली. जुने विकार हिशेबात धरूनही ती पूर्णपणे ओसरली नाही.

शिवाय जोखीम स्थिर नसते. जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटिश चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू शेकडा ४१.४ वरून २९.३ वर आणले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. तेच वय आणि तेच विकार असलेल्या माणसाचे भवितव्य मार्चमध्ये एक होते, जुलैमध्ये दुसरे. उलट दिशेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील एका महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्यांच्या वयाची व विकारांची यादी कितीही काटेकोर केली, तरी त्या दिवशीच्या मृत्यूचे कारण तीत सापडणार नाही.

तात्पर्य, 'जोखमीचा घटक' आणि 'कारण' हे शब्द समानार्थी नव्हेत. पहिला शब्द शय्येपाशी उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या शोधासाठी अभ्यासकाला रुग्णालयाच्या दाराबाहेर यावे लागते. रुग्णपत्रिका वाचताना तीत काय लिहिले आहे याबरोबरच, ती कोणाच्या नावे कधी उघडलीच गेली नाही, हेही त्याने विचारले पाहिजे. हा प्रश्न न विचारता लिहिलेला साथीचा इतिहास मृत्यूचा दोष मृताच्याच शरीरावर ठेवून मोकळा होईल.