धक्क्यावरचा फुकट गळ : कॅलिफोर्नियातल्या पिअर्सची गोष्ट



कॅलिफोर्नियात समुद्रावर मासे पकडायची हौस सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न खर्चाचा. रहिवाशाला वर्षाचं लायसन्स साठ डॉलरच्या वर पडतं, आणि बोटीचं भाडं तर विचारूच नका. पण समुद्रातल्या किंवा खाडीतल्या सार्वजनिक पिअरवर उभं राहून गळ टाकला तर लायसन्स लागतच नाही! कोकणातली मंडळी ज्याला 'गरवणं' म्हणतात ते इथे फुकट. एक साधी काठी, रीळ, थोडं शिसं, चार गऱ्या आणि आमिषाला गोठवलेल्या म्हाकुळाचं पाकीट, एवढ्यावर सुरुवात होते.

ही काही कुणी मेहेरबानी केलेली नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

नोव्हेंबर १९१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्यघटनेत एक कलम घातलं. राज्याच्या सार्वजनिक जमिनीवरून आणि पाण्यात मासे पकडण्याचा हक्क लोकांचा आहे, आणि यापुढे राज्याने जमीन विकली तरी हा हक्क राखूनच विकायची, असा त्याचा मथितार्थ. हंगाम आणि अटी ठरवायची मुभा मात्र कायदेमंडळाला ठेवली. त्या मुभेतूनच पुढे लायसन्स आलं. पण सार्वजनिक पिअर कायद्याने त्यातून वगळले, आणि गरिबाला समुद्राचं एक दार उघडं राहिलं.

आता हक्क कागदावर असून भागत नाही, उभं राहायला जागा लागते. आणि गंमत अशी की यातल्या कित्येक जागा मासेमारीसाठी बांधलेल्याच नव्हत्या. सांता मोनिकाचा प्रसिद्ध पिअर १९०९ साली उघडला तो शहराच्या सांडपाण्याचा पाइप समुद्रात न्यायला. पॅसिफिकाच्या १९७३ च्या पिअरखालूनही सांडपाण्याचाच पाइप गेला. बर्कलीचा पिअर १९२६ चा. तिथे खाडी इतकी उथळ की सॅन फ्रान्सिस्कोला मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी लागण्यासाठी तो सुमारे साडेतीन मैल लांब बांधावा लागला. १९३६ च्या नोव्हेंबरात बे ब्रिज उघडला आणि फेरीचा धंदाच बसला. पुढे शहराने किनाऱ्याकडचा तीन हजार फुटांचा तुकडा दुरुस्त केला आणि तो गळवाल्यांना मिळाला.

सर्वांत मजेदार गोष्ट सीक्लिफची. पहिल्या महायुद्धाच्या वेळी पोलादाची टंचाई म्हणून काँक्रीटची जहाजं बांधायला घेतली. त्यातलं 'पालो आल्टो' १९१९ मध्ये पाण्यात उतरलं तेव्हा युद्ध संपलेलं होतं. १९३० मध्ये ते ऍप्टॉसजवळ किनाऱ्याशी आणून बसवलं आणि त्याच्यावर नाचघर काढलं. मंदीत तेही दोन वर्षांत बुडालं. मग उरले कोण? गळ टाकणारे! थोडक्यात, इतरांनी टाकून दिलेल्या जागा यांच्या वाट्याला आल्या.

पण समुद्र 'लोकांचा' म्हणजे नक्की कुणाचा? हा प्रश्न परदेशी आलेल्यांना एकदा फार झोंबला होता. टोराओ ताकाहाशी हे जपानी गृहस्थ १९०७ पासून कॅलिफोर्नियात होते आणि मासेमारीवर पोट भरत होते. दुसऱ्या महायुद्धात इतर जपान्यांबरोबर त्यांनाही छावणीत डांबलं. १९४३ मध्ये राज्याने जपानी परकीयांना धंद्याच्या मासेमारीचं लायसन्स बंद केलं. १९४५ मध्ये शब्द बदलून 'नागरिकत्वास अपात्र' असे केले. आता बघा, १९२३ च्या भगतसिंग थिंद निकालापासून १९४६ पर्यंत आपण भारतीयही त्याच 'अपात्र' यादीत होतो! ताकाहाशी सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि जून १९४८ मध्ये जिंकले. खटला धंद्याच्या मासेमारीचा होता, पिअरवरच्या हौशी गळाचा नव्हे. तरी पिअरवर आज व्हिएतनामी आजोबा, फिलिपिनो कुटुंब आणि मेक्सिकन पोरं खांद्याला खांदा लावून उभी असतात, तेव्हा हा निकाल आठवावा असं मला वाटतं.

फुकट म्हणजे बेबंद नव्हे, हेही सांगायला हवं. पिअरवर माणशी दोनच काठ्या. कोणता मासा किती आणि केवढा ठेवायचा याचे नियम लायसन्स नसलं तरी लागू. आणि सॅन फ्रान्सिस्को खाडीतले मासे किती खावेत याबद्दल १९९४ पासून आरोग्यखात्याच्या सूचना आहेत, त्या बायका-मुलांसाठी तर नक्की वाचा. पाऱ्याचा प्रश्न आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. हक्क शाबूत आहे, पण पायाखालची फळी चाललीय. बर्कलीचा पिअर २०१५ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला. सीक्लिफचा पिअर जानेवारी २०२३ च्या वादळात मोडला आणि मग पाडूनच टाकला. सॅन डिएगोच्या ओशन बीचचा १९६६ चा पिअर त्याच वर्षी वादळाच्या तडाख्यानंतर बंद झाला. घटनेतलं कलम खांब दुरुस्त करत नाही. त्याला पैसा लागतो, आणि पैसा कुठे घालायचा हे नगरपालिकेच्या सभेत ठरतं. तिथे हॉटेलवाले येतात, घरमालक येतात. पहाटे बादली घेऊन पिअरवर जाणारा सहसा येत नाही.

तेव्हा ज्यांच्या गावात पिअर आहे त्यांनी शनिवारी पोरांना घेऊन गळ टाकायला जरूर जावं. आणि पिअरचा विषय सभेत निघेल त्या संध्याकाळी तिथेही जावं. दोन मिनिटं बोलायला तिथेही लायसन्स लागत नाही.