सांखवाळ ते लेनिनग्राड : एका अध्यापकाची वाट



१९२९ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, धर्मानंद कोसंबी पाली शिकविण्यासाठी लेनिनग्राडला गेले. नकाशावर हे अंतर कोणी मुंबईपासून मोजील. माझ्या मते ते गोव्यातील सांखवाळ गावापासून आणि १८९९ सालापासून मोजले पाहिजे. अध्यापकाच्या आसनापर्यंतची वाट ही आधी विद्यार्थ्याची वाट असते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंदांचे शालेय शिक्षण थोडक्यात आटोपले आणि नारळीच्या बागा सांभाळणे नशिबी आले. 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने ठाव घेतला. परंतु बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून शिकविणारे गावी कोण असणार? १८९९ साली त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी राहिली. या प्रवासाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही, हे चरित्रकाराने विसरू नये.

पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. बुद्धगयेहून सिंहलद्वीपाची दिशा मिळाली आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पालीचे दार उघडले. पुढे ब्रह्मदेशही झाला. पाली मूळची आपल्याच भूमीतली. पण ती शिकण्यासाठी भारतीयाला समुद्र ओलांडावा लागला.

परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात अध्यापनाची जागा मिळाली. ती सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले. अट अशी की, महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहावा. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली ग्रंथरूप झाली. कमी वेतनात त्यांनी आपल्या भाषेचा वाचक मिळविला.

त्याच वर्षी प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्या निमंत्रणावरून ते हार्वर्डला गेले. तेथे हेन्री क्लार्क वॉरन यांचे 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन अपुरे पडले होते. वॉरन वारले १८९९ साली. म्हणजे ज्या वर्षी त्यांचे काम थांबले, त्याच वर्षी ते पुढे नेणारा गोव्यातून निघाला होता. ब्रह्मी आणि सिंहली लिपींतील पोथ्या वाचणे ज्याला सहज जमावे, असा माणूस त्या कामाला हवा होता. श्रेयाच्या प्रश्नावरून लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन १९१२ मध्ये ते परतले, तरी त्या ग्रंथासाठी त्यांनी अमेरिकेच्या एकूण चार वाऱ्या केल्या. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. धर्मानंद १९४७ मध्येच निवर्तले होते.

लेनिनग्राडला बौद्ध विद्येचे अध्वर्यू होते फ्योदोर श्चेर्बात्स्की. न्यायशास्त्र शिकण्यासाठी हे रशियन पंडित १९१० मध्ये मुंबईला आले होते. विद्येचा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तेथील हवा धर्मानंदांच्या प्रकृतीला मानवली नाही. ते परतले आणि १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले. परदेशातील मान त्यांना घरच्या कर्तव्यापासून दूर नेऊ शकला नाही.

१९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. त्यांच्या तेथील विद्यार्थ्यांपैकी एक चिं. वि. जोशी. चिमणरावाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण याच बडोद्यात ते पालीचे प्राध्यापक होते. म्हणजे कोलंबोत मिळविलेली विद्या पुण्यामार्गे आपल्या गावच्या वर्गात पोहोचली. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविताना "एवढ्या लांब हे कशासाठी?" असा प्रश्न पुष्कळदा कानी येतो. ज्याला शिकावयाचे होते, त्याने लांबी कधी मोजली नाही. आणि जे मिळाले ते वाटल्यावाचून तो राहिला नाही. शाळेने विद्यार्थ्याला याहून अधिक काय द्यावे?