मिरजेचा सल्ला, औंधची शिस्त

रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर मुले ओळीने सूर्यनमस्कार घालतात, तेव्हा हा व्यायाम वेदकाळापासून जसाच्या तसा चालत आला असावा असे वाटते. सूर्योपासना जुनी आहेच. ऋचा म्हणत घालायच्या तृचाकल्प नमस्कारांची चालही महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत होती. पण ठरावीक स्थिती, श्वासाचे नियम आणि शरीरशास्त्राची कारणे देऊन शाळाशाळांत शिकवायचा व्यायाम, हे त्याचे रूप विसाव्या शतकातले. ते घडवण्यात मोठा वाटा औंधच्या राजाचा, आणि त्याला मिरजेहून मिळालेल्या एका सल्ल्याचा.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आधी सँडोचे भक्त होते. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध बलभीम. त्याची पुस्तके आणि डंबेल्स हिंदुस्थानातही येत. बाळासाहेबांनी ती मागवून सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली. १९०८च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कार घालायला सुचवले. पुढच्याच वर्षी बाळासाहेब औंधच्या गादीवर आले. नमस्कार काही सुटले नाहीत.

औंध संस्थान तुकड्यातुकड्यांनी पसरलेले होते. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. संस्थानच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. देवघरातला विधी असा पाटीपुस्तकाच्या बरोबरीला आला. राजा स्वतः घालतो म्हटल्यावर मास्तरांनाही सबब उरली नाही.

बाळासाहेबांना हा व्यायाम पटला, कारण सँडोच्या शिस्तीत तयार झालेल्या माणसाला त्यात स्नायूंचा हिशेब दिसला. स्नायू फक्त आखडून ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून शरीरात जवळजवळ प्रत्येक हालचालीला उलट दिशेने ओढणारा जोडीदार लागतो. नमस्कारात या जोड्या आळीपाळीने कामाला लागतात. खाली वाकताना मांडीमागचे आणि पाठीचे स्नायू ताणले जातात. छाती उचलून मागे वळताना पाठीचे आखडतात आणि पोटाचे ताणले जातात. साष्टांगात उतरताना दंडाचा मागचा स्नायू भार तोलत हळूहळू लांबतो. तालमीतल्या जोराशी नमस्काराचे नाते इथे उघड दिसते.

श्वासाचा नियमही असाच शरीरातून आलेला. वाकल्यावर पोटातले अवयव दबून श्वासपटल वर सरकते, तेव्हा श्वास सोडणे सोपे जाते. मागे झुकल्यावर बरगड्या उघडतात, तेव्हा घेणे सोपे. रक्ताभिसरणालाही मदत होते: पायांचे स्नायू आखडले की शिरांवर दाब पडतो आणि झडपांमुळे रक्त हृदयाकडेच सरकते.

बाळासाहेब याच्याही पुढे गेले. नमस्कार घालताना म्हणायच्या ह्रां, ह्रीं, ह्रूं या बीजाक्षरांच्या कंपनांचा ठरावीक अवयवांवर परिणाम होतो, असे ते मांडत. अक्षरागणिक अवयव वाटून देणे आजच्या शरीरशास्त्राला मान्य होणार नाही. मात्र दीर्घ स्वर लांबवून म्हटला की उच्छ्वास लांबतो, एवढे कुणालाही स्वतःवर पडताळून पाहता येते.

१९३६ साली राजेसाहेब इंग्लंडला गेले असता ‘न्यूज क्रॉनिकल’च्या लुईस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली. साठी उलटलेल्या माणसाचा उत्साह हीच मोठी जाहिरात ठरली. मॉर्गन यांनीच संपादित केलेले त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सँडोच्या लंडनला औंधने व्यायाम पाठवला, तो असा.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. शाळांमधले नमस्कार राहिले. आज सर्रास बारा स्थिती मोजतात आणि मित्र, रवि, सूर्य अशी बारा नावे घेतात. सँडोच्या पद्धतीला साहित्य विकत घ्यावे लागे. इथे अंगाएवढी जागा पुरते, आणि वजन म्हणून स्वतःचेच शरीर असते. राजवाड्यातला व्यायाम जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजला, त्यात उपदेशाइतकाच या बिनखर्चीपणाचा हात आहे.