पीर पंजालमधील वासंतिक हिमस्खलन

काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेकडून हिमाचलातील रोहतांग खिंडीपर्यंत (३,९७८ मी.) गेलेल्या पीर पंजाल या हिमालयीन रांगेवर पश्चिमी विक्षोभांमुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालींमुळे) हिवाळ्यात भरपूर बर्फ साचतो. मार्च-एप्रिलमध्ये तो कधी सुटेल हे दिवसाच्या तापमानापेक्षा आदल्या रात्रीवरून अधिक नेमके कळते. दुपारी वरचा थर वितळतो, पाणी झिरपून आतल्या एखाद्या कठीण पापुद्र्यावर साठते आणि कणांमधले बंध सैल पडतात. रात्र निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता आकाशाकडे निघून जाते. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो आणि पहाटे बुटाची टाच ठोकूनही खळगा पडत नाही. आभाळ भरून आले असेल तर ती उष्णता अडते, वर जेमतेम साय धरते आणि सकाळीच पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दोन्ही दिवशी दुपारचे तापमान सारखे असले, तरी ढगाळ रात्रीनंतरचा उतार कितीतरी लवकर सुटतो.

वसंतात बर्फ बसलेला असतो, म्हणून धोका कमी, असा एक आक्षेप असतो. तो निम्मा खरा आहे: जुने कच्चे थर बऱ्याचदा तोवर जुळून येतात आणि ओला लोट कोरड्यापेक्षा हळू येतो. पण तो फार जड असतो, थांबताच घट्ट होतो आणि गाडल्या गेलेल्या माणसाभोवती हवा फारशी राहत नाही. शिवाय विक्षोभ मार्चमध्येही ताजा बर्फ घेऊन येतात. मार्च १९७९ मध्ये रांगेपलीकडच्या लाहौलमध्ये हिमस्खलनांनी मोठी जीवितहानी केली. चढाईला पहाटे निघून सकाळी दहाच्या आत खाली उतरावे, हा नियम चांगलाच. मात्र पूर्वेच्या उताराला ऊन आधी लागते, पश्चिमेच्या उताराला दुपारनंतर, तर उत्तरेकडे एप्रिलमध्येही हिवाळाच असतो. एकच वेळ सगळ्या उतारांना लागू पडत नाही.

सरकारी इशारे असताना स्वतः पाहण्याची गरज काय, असेही विचारले जाते. मनालीत १९६९ मध्ये सुरू झालेली आणि २०२० मध्ये डीजीआरईत (संरक्षण खात्याच्या भू-माहिती संशोधन संस्थेत) विलीन झालेली हिमस्खलन-अभ्यास संस्था इशारे देण्याचे काम करत आली, आणि त्याचे मोल मोठे आहे. पण इशारा असतो जिल्ह्यापुरता व उंचीच्या पट्ट्यापुरता. समोरचा उतार रात्री किती खोल गोठला, हे तिथे काठी खुपसूनच कळते.